गंज खालून चढतो

नाशिकला समुद्र नाही, बर्फ नाही, आणि रस्त्यावर मीठ टाकायची वेळ इथे कुणावर येत नाही. शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो तो साधारण 700 मिलिमीटर. त्यामुळे इथल्या लोकांचा एक समज पक्का आहे: गाडी गंजायची ती मुंबईची किंवा कोकणातली, आपल्याकडे कसली भीती? हा समज घेऊन दिंडोरीच्या किंवा निफाडच्या बाजारात उभ्या असलेल्या वीस-तीस वर्षांच्या जीपगाड्यांखाली एकदा वाकून बघावं. वरून रंग झकास, काचेवर देवाचं नाव, आणि खाली फ्लोअरला बोट जाईल एवढी भोकं.

माझी जीप 1990 च्या दशकातली. शिडीसारखी चेसिस, तिच्यावर रबराच्या गाद्या ठेवून बोल्टांनी आवळलेली पत्र्याची बॉडी. द्राक्षबागेतली कामं, दिंडोरी रोडने शहरात येणं-जाणं, कधी इगतपुरीवरून मुंबई, उन्हाळ्यात कोकण, असा तिचा संसार. जुन्या गाडीला नाशिकमध्ये कारागीर मिळाला नाही, असं सहसा होत नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून रस्त्यावर आल्या, आणि सातपूर-अंबडला मोटारींचे भाग करणाऱ्या शेडमध्ये निम्मी ओळखीपाळखीची माणसं कामाला असतात. तरी गंजाबद्दल मला जे काही कळलं, ते बरंचसं पोतं अंथरून गाडीखाली आडवं झाल्यावर कळलं.

1. पावसापेक्षा चिखल वाईट

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही एकाच वेळी लागतात. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्या धारेतून गाडी काढली तरी पत्र्याचं फारसं बिघडत नाही. पाणी येतं, धुऊन नेतं, उघडीप मिळाली की पत्रा कोरडा होतो. खरी पीडा बागेतल्या काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते सोडत नाही. मडगार्डच्या आत तिचा थर बसला की वरून राखाडी, वाळल्यासारखा दिसतो. खपली काढून बघा, आत दिवाळीपर्यंत ओल असते. त्र्यंबक-पेठकडची तांबडी माती निदान पाण्याचा फवारा बसला की सुटते, काळीला खरवडावंच लागतं.

म्हणून पाऊस किती पडला याचा हिशोब गाडीच्या कामाचा नाही. ओल किती वेळ टिकली, हा हिशोब कामाचा. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

चिखल साठण्याच्या जागा ठरलेल्या असतात. मडगार्ड जिथे बॉडीला मिळतं ती खाच, हेडलाइटच्या मागची फळीसारखी जागा, चेसिस आणि बॉडी यांच्यामधल्या रबराच्या गाद्यांभोवती, कमान पाट्यांचे शॅकल, डिझेल टाकीची वरची बाजू, आणि मागच्या चाकामागचा कोपरा. वॉशिंग सेंटरवाला पोरगा बॉनेटला शॅम्पू लावून फेस काढण्यात रमतो. त्याला तिथून उठवून गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि फवारा खालून, चाकाच्या कमानीतून मारायला सांगा. धुणं सकाळी करावं आणि लगेच गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. संध्याकाळी धुऊन रात्रभर बंद शेडमध्ये लावलेल्या गाडीपेक्षा न धुतलेली गाडी बरी.

2. कंपनीने ठेवलेली भोकं उघडी ठेवा

दाराच्या काचेलगतच्या रबरातून थोडं पाणी दाराच्या आत जातंच. ते तळाशी उतरावं आणि खालच्या कडेच्या बारीक भोकांतून निघून जावं, अशी ती रचनाच असते. दोन-तीनदा रंगकाम झालेल्या गाडीत ही भोकं लांबीने (पुट्टीने) किंवा रंगाच्या थराने बुजलेली सापडतात. मग दाराचा तळ आतून कुजतो आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत काम आटोपलेलं असतं. सायकलचा जुना स्पोक गाडीत ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक भोकातून फिरवावा. काचेखालच्या जाळीत झाडाचा पाचोळा साठतो, तोही काढत राहावा. गंगापूर रोडला गुलमोहराच्या सावलीत गाडी लावणाऱ्यांना मे-जूनमध्ये तिथे मूठभर पाकळ्यांचा लगदा मिळेल.

फ्लोअरवरचं मॅट पावसाळ्यात उचलून बघायची सवय हवी. वरचं रबर कोरडं असतं, खालचा नमदा मात्र पाण्याने जड झालेला असतो. मी तो नमदा काढूनच टाकला. गाडीत आवाज वाढला, फ्लोअर टिकला.

3. हौद्यात काय वाहता, त्यावर पत्र्याचं आयुष्य ठरतं

बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण करताना आपण एक जुनी परीक्षा घेतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. तयार झालं की त्यात विळा किंवा लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला म्हणून आणखी घालायचा. हा थर म्हणजे मोरचुदातलं तांबं. ते पात्यावर बसतं आणि तेवढ्याच हिशोबाने लोखंड पात्यातून सुटून पाण्यात उतरतं. शाळेतला खिळ्याचा प्रयोग तो हाच.

आता हीच मोरचूद फाटक्या पिशवीतून हौद्याच्या कोपऱ्यात सांडते. कुणी झाडत नाही. पहिल्या सरीला ती विरघळते आणि पत्र्याच्या जोडात उतरते. विळा आपण क्षणभर बुडवतो, हौदा तो प्रयोग महिनोन् महिने करत बसतो. शिवाय पत्र्यावर बसलेले तांब्याचे कण तिथेच राहतात. ओलाव्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंडाचा क्षय वेगाने होतो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या बागांत 1880 च्या दशकात केवडा रोगावर हा उपाय सापडला आणि आपल्या द्राक्षशेतीने तो जवळ केला. बागेला त्याचा फायदा आहेच, पत्र्याला नाही.

खतांचंही तेच. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. द्राक्षाला क्लोराइड चालत नाही म्हणून आपण सल्फेट ऑफ पोटॅश वापरतो, पण शेजाऱ्याच्या उसाला नेऊन देताना म्युरेटच्या गोण्या आपल्याच गाडीतून जातात. असे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही पत्रा खालून ओलाच राहतो. अमोनियम सल्फेट ओलं झालं की आम्लधर्मी, म्हणजे त्याची आणखी वेगळी तऱ्हा.

उपाय साधा आहे. खतं, मोरचूद, गंधक प्लॅस्टिकच्या टबमध्ये ठेवून न्यावं आणि टबाखाली लाकडी पट्ट्या टाकाव्यात. हौद्यात कायमचं रबर किंवा ताडपत्री अंथरू नये. सांडलेलं सगळं त्याखाली जाऊन बसतं. माल उतरवला त्याच दिवशी हौदा भरपूर पाण्याने धुवावा. शेतातलं बोअर खारं असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा. कोकणातून आल्यावर हाच नियम. आणि हौसेने गाडी थेट वाळूत घालून लाटांच्या कडेने पळवणाऱ्यांना माझं सांगणं नाही, ते ऐकत नाहीत.

4. ताडपत्रीखाली गाडी घामाघूम होते

निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते, पण त्या थंडीतल्या दवाबद्दल कुणी लिहीत नाही. रात्री पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव बसतं. उघड्या गाडीवरचं दव नऊ-दहापर्यंत उडून जातं. प्लॅस्टिकच्या आवरणाखालचं दव आणि जमिनीतून वर येणारी वाफ आतच फिरत राहते. शिवाय वाऱ्याने आवरण फडफडतं आणि कडांवरचा रंग घासून काढतं. पोलादाचा गंज हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की जोर धरतो, आणि आवरणाखाली ती पहाटे त्याच्या कितीतरी वर असते.

दोन बाजूंनी मोकळं, वर पत्रा आणि खाली कोबा, एवढी शेड पुरे. गवतात आणि शेणमातीत उभी केलेली गाडी मात्र चालणाऱ्या गाडीच्या दुप्पट वेगाने म्हातारी होते, हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे. शेणखताच्या ढिगाशेजारी तर लावूच नये.

5. जुनी गाडी घेताना चुंबक आणि हातोडी बरोबर न्या

रंगाची चमक बघून सौदा करणाऱ्यांसाठी ही युक्ती. लहानसं चुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्ड, दाराचा तळ, फुटस्टेपच्या वरची पट्टी यांवरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. मग खाली जाऊन चेसिसवर छोट्या हातोडीने टकटक करायची. निरोगी लोखंड ठणकन वाजतं, सडलेलं बद्द. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोर देऊन फिरवायचं. विकणारा नाक मुरडेल. मुरडू द्यावं.

चेसिसला खालून नुकताच काळा डांबरी थर मारलेला दिसला तर किंमत कमी करून मागा, नाहीतर परत फिरा. महिनाभरात विकायची गाडी खालून कोणी प्रेमाने रंगवत नाही.

पुरातून निघालेली गाडी ओळखायला सीट काढून बघावी. सीटखालचे रुळ आणि बोल्ट, डॅशबोर्डच्या मागच्या क्लिपा, सीट बेल्टच्या पट्ट्याचा तळाचा भाग, इथे गाळाची बारीक रेघ राहते. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पावसाने किती गाड्या बुडवल्या हे सगळ्यांना आठवतं. आपल्याकडेही गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढलं की काठावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं, ते 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा दिसलं. नदीचं पाणी समुद्राइतकं खारट नसतं, पण त्यातला गाळ चेसिसच्या पोकळीत बसतो आणि गोष्ट पहिल्या मुद्द्यावर येते.

6. लांबीवर लांबी चढवणाऱ्या डेंटरला नम्रपणे नमस्कार करावा

गंजलेल्या भोकावर जाळी चिकटवून, लांबी भरून, घासून, रंग मारून दिला तर तो पत्रा दोन पावसाळेही धड काढत नाही. लांबी ओल पिते. रंगाला केसाएवढी भेग गेली की पाणी आत, आणि लांबीच्या मागे लोखंड निवांत कुजत राहतं. शिवाय लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळच्या कितीतरी पट वाढतं. म्हणूनच वरचा रंग फुगतो, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये गंज शिरला तर जोडच उचकटतो.

खराब पत्रा कापून काढायचा. दिसणाऱ्या गंजाच्या बाहेर दोन बोटं, चकाकतं लोखंड लागेपर्यंत. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवून सीओटू वेल्डिंगचे सुटे टाके मारत जायचे. एका दमात वेल्डिंग ओढलं तर पत्रा वाकडा होतो. लांबीचं काम त्यानंतरचं, वेल्डिंगची कड सपाट करण्यापुरतं. वेल्डिंगने मागच्या बाजूचा रंग जळतो. तिथे आतून मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारला नाही तर नव्या तुकड्याभोवतीच पुढचा गंज सुरू होतो. आमच्या मिस्तरींना हे माहीत आहे, पण गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून ते करत नाहीत. विचारावं.

जीआय पत्रा वापरायचा म्हटलं तर वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा लेप आधी घासून काढावा लागतो. जळत्या जस्ताचा धूर अंगात भरला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरला काम देताना मोकळी हवा आणि पंखा एवढं तरी बघावं.

7. हिरड्यात जे असतं, तेच बाटलीत असतं

पत्रा खचलेला नाही, फक्त वरून तांबूस झाला आहे, तिथे कापाकापीची गरज नाही. आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज उडवायचा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसायचा. तरीही पत्र्याच्या बारीक खळग्यांत गंज उरतोच. त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. दुकानात ही बाटली घेताना लोक तिच्याकडे साबणासारखी बघतात, लावतात आणि पुसून टाकतात. तिचं काम वेगळं आहे. तिच्यात एकतर टॅनिक आम्ल असतं किंवा फॉस्फरिक आम्ल. टॅनिन गंजाशी मिळून काळा, पाण्यात न विरघळणारा थर करतं. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, आणि टॅनिन व लोखंडाचे क्षार एकत्र करून जुन्या काळी शाई केली जायची. अकोले-जुन्नरकडे डोंगरातली माणसं हिरडा गोळा करतात, त्याला रंग आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात मागणी आली ती या टॅनिनमुळेच. फॉस्फरिक आम्ल असेल तर लोखंडाचा फॉस्फेट तयार होतो. सातपूरच्या कारखान्यांत रंगाआधी पत्र्याला फॉस्फेटिंग करतात, त्याच्या जवळचीच ही गोष्ट.

घरी हिरडा उकळून गाडीला लावावा असं मी म्हणत नाही. बाटलीतल्या द्रावणाची तीव्रता ठरलेली असते आणि बहुतेकांत वर पापुद्रा धरणारं रसायनही असतं. एक पातळ हात द्यायचा, काळा पडू द्यायचा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंग. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, खिडकीच्या गजांना छान आहे, पण ते ओल पूर्ण अडवत नाही. ते मारून वर रंग न लावता गाडी महिनाभर उभी ठेवणारे खूप आहेत.

संडास धुवायचं ॲसिड वापरून गंज काढायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. ते हायड्रोक्लोरिक. गंज झटकन जातो खरा, पण क्लोराइड जोडांत राहतं आणि आठवड्यात पिवळा गंज परत येतो. कमान पाट्यांसारख्या कडक पोलादाला ते लावलं तर त्यात हायड्रोजन शिरून पाटा ठिसूळ होतो. पाटा मोडायला घाटातला एक खड्डा पुरतो.

सुटे भाग, म्हणजे कंस, बिजागऱ्या, बोल्ट यांना दोन निवांत उपाय आहेत. एक, पाण्यात मिसळलेल्या मळीत दोन-तीन आठवडे बुडवून ठेवणं. साखर कारखाना जवळ असला तरी मळी उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत अडकलेली असते, सहज मिळत नाही. दुसरा, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर: गंजलेला भाग ऋण टोकाला, साधा लोखंडी तुकडा धन टोकाला. हे उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन वायू निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

8. जळकं ऑइल: कल्पना बरोबर, माल चुकीचा

आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल आणि जळकं ऑइल मारायची जुनी रीत आहे. नव्या पिढीला ती गावठी वाटते. टोरांटोला राहणारा आमचा एक भाचा सांगतो, की तिथे रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकतात आणि लोक दरवर्षी थंडीआधी दुकानात जाऊन गाडीखाली तेलाचा फवारा मारून घेतात. कुणी खनिज तेलाचा, कुणी मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचा. म्हणजे आपल्या मिस्तरींची कल्पना अगदी रास्त होती.

चूक आहे ती जळक्या ऑइलमध्ये. त्यात इंजिनातली आम्लं आणि धातूंचा चुरा असतो, कातडीला ते घातक, आणि पहिल्या पावसात थेंब थेंब करत ते आपल्याच विहिरीच्या वाटेला लागतं. रबरी बुशही त्याने फुगतात. त्याऐवजी मेणाचं किंवा लॅनोलिनचं तयार कोटिंग घ्यावं, फवाऱ्याला लांब नळी लावून चेसिसच्या पोकळ भागात, दारांच्या आत, फुटस्टेपच्या नळीत मारावं. ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर आणि रबर सोडून.

डांबरी कडक अंडरकोटिंगबद्दल माझं मत ठाम आहे: नव्या कोऱ्या गाडीला ठीक, गंज लागलेल्या जुन्या गाडीला घात. दगड लागून त्याला भेग पडते, पाणी आत जातं, थर मात्र जागेवर राहतो आणि त्याच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही. तेल-मेण दरवर्षी मारावं लागतं, कपडे खराब होतात, पण पत्रा डोळ्यांसमोर राहतो.

9. चेसिसवर ठिगळ लावायचं काम घाईत देऊ नका

बॉडी गंजली तर गाडी कुरूप होते. चेसिसचं तसं नाही. स्टिअरिंग, कमान पाटे, टो-हुक सगळं तिच्यावर टांगलेलं असतं. हा प्रश्न फक्त आपल्या जुन्या जीपगाड्यांचा आहे असंही नाही. 2016 साली अमेरिकेत टोयोटाने टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या फ्रेमच्या गंजाबद्दलच्या दाव्यात तडजोड मान्य केली. त्यात सुमारे 15 लाख गाड्या होत्या.

चेसिसमध्ये जिथे दोन पट्ट्या एकावर एक रिव्हेट केलेल्या असतात, तिथे मधल्या फटीत पाणी शिरतं आणि गंज त्यांना आतून फाकवतो. तिथे वरून तिसरी पट्टी वेल्डिंग करून देणारे खूप भेटतील. गंजावर वेल्डिंग धरत नाही. सडका भाग कापायला हवा, पट्टीची टोकं तिरकी हवीत म्हणजे एका रेषेत ताण येत नाही, आणि काम शक्यतो ट्रकच्या चेसिसची सवय असलेल्या माणसाकडे द्यावं. आडगावकडे ट्रकवाल्यांची अशी माणसं आहेत. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडवावी, डिझेलची टाकी आणि पाइप बाजूला करावेत, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडं ठेवावं. गाडीखालच्या वाळलेल्या तेलात ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

10. ब्रेकचा पाइप

चेसिसच्या बाजूने जाणारा ब्रेकचा पोलादी पाइप क्लिपेखाली गंजतो, कारण क्लिपेत चिखल बसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेने जातं. एक पाइप फुटला की पॅडल तळाला. पाइपवर पापुद्रे दिसले की रंग मारत बसू नये, बदलावा.

11. कामाचं पंचांग

रंगाचं काम मार्च ते मे, नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात. श्रावणात केलेला रंग दुधाळ पडतो. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर हवेतली वाफ बसते. पितृपक्षात गॅरेज रिकामं असतं आणि भावही नरम असतो, पण हवा ओली असते. तेवढ्या दिवसांत मोजमाप, कापाकापी, वेल्डिंग करून घ्यावं, वरचा रंग थांबवावा. डिसेंबरात करायचं असेल तर ऊन पत्र्याला लागल्यावर सुरुवात करावी.

तेला-मेणाचा हात मृगाच्या आधी. आणि खालून नीट तपासणी दसऱ्याला. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा करतोच, त्याआधी अर्धा तास खाली टॉर्च फिरवायचा. पूजेनंतरची एक बारीक गोष्ट: बंपरवर फोडलेल्या नारळाचं पाणी आणि जोडांत गेलेलं हळदकुंकू दुसऱ्या दिवशी पाण्याने काढावं, हाराची तार ग्रिलवर घासत ठेवू नये. देव रागावत नाही.

12. चेसिस नंबर हा गाडीचा सातबारा

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. एप्रिल 2022 पासून मोटारीला त्याची फी 5000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 च्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी केली, त्याने कागद लावून पेन्सिल फिरवली आणि नंबर उमटलाच नाही, तर सगळं तिथेच अडतं. पुसट नंबर म्हणजे गंज, की चोरीची गाडी, हे ठरवणं त्याचं काम आहे आणि तो वाईट बाजूने विचार करतो. नंबर नव्याने ठोकायचा तर आधी परवानगी लागते.

हा नंबर बहुधा पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या अंगावर असतो, म्हणजे चिखल सर्वांत जास्त उडतो तिथेच. त्याच्यावर ग्राइंडर फिरवू नये, तारेचा जाड ब्रशही नाही. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं, जुना दात घासायचा ब्रश, आणि स्वच्छ झाल्यावर ग्रीसचा जाड थर. वेल्डर, पेंटर, कोटिंगवाला, जो कोणी खाली जाईल त्याला आधी ती जागा दाखवून त्यावर टेप लावून द्यावी. नूतनीकरणाच्या तारखेच्या महिनाभर आधी ग्रीस पुसून आपणच पेन्सिलचा छाप घेऊन बघावा, सगळे आकडे उमटले की मगच गाडी पेठ रोडला आरटीओत न्यावी.